फेस्टिव्हस नेमका कोणता? ओकीफांच्या घरातला आणि टीव्हीवरचा

फेस्टिव्हस हा एका अमेरिकन टीव्ही मालिकेमुळे गाजलेला, नाताळाला पर्याय म्हणून केला जाणारा गमतीचा सण. २३ डिसेंबरला तो करणारी मंडळी आता पुण्यातही भेटतात. कुणी हिंजवडीत अमेरिकन क्लायंटचं काम करतं, कुणी सुट्टीत गावी न गेलेला विद्यार्थी असतो. बोलताना त्यांचा एक घोळ होतो. काहींना वाटतं, हा सण सगळाच टीव्हीवाल्यांनी रचला. बाकीचे म्हणतात, छे, तो त्याच्या आधीपासूनचा आहे. आणि मग या सणाला उभारतात तो अ‍ॅल्युमिनियमचा खांबसुद्धा तेव्हाचाच धरून चालतात. खरं तर फेस्टिव्हस दोन आहेत.

पहिला घरातला. ‘रीडर्स डायजेस्ट’ या अमेरिकन मासिकाचे संपादक डॅनियल ओकीफ यांनी तो १९६६च्या सुमारास सुरू केला, तोही बायकोबरोबरच्या पहिल्या भेटीची आठवण म्हणून. त्याला ठरलेली तारीख नव्हती. वडिलांच्या मनात आलं की सण. एक घड्याळ पिशवीत घालून भिंतीवर टांगायचं. का, ते मुलांना कधीच सांगितलं गेलं नाही. घरातल्यांनी आपापल्या तक्रारी टेपरेकॉर्डरवर बोलायच्या आणि भावाभावांत कुस्ती व्हायची. खांबाचा पत्ताच नव्हता.

दुसरा टीव्हीवरचा. ओकीफांचा मुलगा डॅन ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या लेखकांत होता. घरातली ही गोष्ट पडद्यावर आणायला तो फारसा उत्सुक नव्हता, पण सहकाऱ्यांनी ती उचलून धरली आणि १८ डिसेंबर १९९७ला तो भाग दाखवला गेला. तिथे सणाचं कारणच बदललं. फ्रँक कोस्टान्झा नावाचा बाप दुकानात बाहुलीसाठी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडतो आणि नाताळाच्या खरेदीला वैतागून स्वतःचा सण काढतो. तारीख २३ डिसेंबर. झाडाऐवजी बिनसजावटीचा अ‍ॅल्युमिनियमचा खांब, कारण झगमगीने फ्रँकचं लक्ष विचलित होतं. जेवताना सगळ्यांच्या तोंडावर तक्रारी. शेवटी कुस्ती, आणि घरातल्या कर्त्याला चीत केल्याशिवाय सण संपत नाही.

‘अ फेस्टिव्हस फॉर द रेस्ट ऑफ अस’, म्हणजे ‘उरलेल्या आपल्यासाठी फेस्टिव्हस’, ही ओळ दोन्हीकडे आहे, आणि फरक मला सगळ्यात जास्त तिथेच जाणवतो. टीव्हीवर ती ऐकणाऱ्याला निमंत्रण वाटते: नाताळाच्या बाजारात ज्यांचं मन रमत नाही, त्या सगळ्यांनी या. ओकीफांच्या घरात मात्र ती डॅनियल यांच्या आईच्या मृत्यूनंतर आली. आजी गेली, मागे राहिलेल्या आपल्यासाठी हा सण, असा तिचा रोख होता. हे कळल्यापासून मला घरातला फेस्टिव्हस अधिक जवळचा वाटतो.

तरीही पुण्यात करायचा तर टीव्हीवरचाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला सण त्या एका कुटुंबाच्या आठवणींवर उभा आहे. बाहेरच्याने भिंतीवर पिशवी टांगली तरी तिला अर्थ येणार नाही. टीव्हीवरच्याला जात, धर्म, मुहूर्त काहीच लागत नाही, म्हणून तो कुणालाही करता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप रविवार पेठेत बोहरी आळीत शोधा. त्यावर झेंडूची माळ मात्र चढवू नका. हात शिवशिवतील, पण खांब उघडा ठेवणं हाच नियम आहे. गच्चीत थंडीमुळे कुस्ती नको असेल, तर यजमानाशी पंजा लढवा.

तक्रारींचा भाग गाळू नका. आपल्याकडे शेजाऱ्याच्या पार्किंगबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर महिनोन्महिने लिहिलं जातं, पण समोर बसून कुणी बोलत नाही. फेस्टिव्हसला ते नाव घेऊन, तोंडावर आणि जेवता जेवता बोलायचं असतं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्याला जेवायला बोलावल्याशिवाय ते जमत नाही. आणि संक्रांत तीन आठवड्यांवर असते. कुणाला काही लागलंच, तर तिळगूळ घेऊन जाता येतं.