सन्स ऑफ द डेझर्ट

सन्स ऑफ द डेझर्ट : स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) आणि ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) या हॉलिवुडच्या विनोदी जोडीच्या चाहत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. मराठी प्रेक्षक या जोडीला ‘जाड्या-रड्या’ म्हणून ओळखतात. संघटनेची स्थापना न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली झाली. चरित्रकार जॉन मॅकेब, नट ऑर्सन बीन, व्यंगचित्रकार अल किलगोर, विनोदी नट चक मॅकॅन आणि जॉन म्युनिसिनो हे तिचे पाच संस्थापक.

संघटनेचे नाव जोडीच्या १९३३ च्या चित्रपटावरून घेतलेले आहे. त्यात सन्स ऑफ द डेझर्ट हे एक पुरुषमंडळ असते. शिकागोच्या अधिवेशनाला हजर राहायची शपथ दोघे घेऊन बसतात, पण बायकांना सांगायचे कसे? मग हार्डी आजारी पडल्याचे सोंग करतो, ‘डॉक्टर’ त्याला होनोलुलूला हवापालटाला पाठवतो आणि सोबतीला लॉरेल निघतो; प्रत्यक्षात दोघे जातात शिकागोला. इकडे होनोलुलूहून येणारे जहाज बुडते. काळजीने हवालदिल झालेल्या बायका चित्रपटगृहात जाऊन बसतात, तर वृत्तपटात नवरे शिकागोच्या मिरवणुकीत नाचताना दिसतात. अखेर रडत रडत खरे सांगून टाकणाऱ्या लॉरेलचे घरी लाड होतात, आणि खोटे रेटणाऱ्या हार्डीवर स्वयंपाकघरातली भांडी बरसतात.

चित्रपटातल्या मंडळाचा खोटा रुबाब चाहत्यांनी जसाच्या तसा उचलला. घटना मॅकेब यांनी लिहिली, लॉरेलने ती मरणापूर्वी वाचून संमती दिली आणि स्वतःची भरही घातली. अध्यक्षाला ‘ग्रँड शेख’ म्हणतात. कार्यकारिणीच्या सदस्यांची संख्या ४४३ पेक्षा जास्त नसावी, पदाधिकाऱ्यांना मेजवानीत मानाची जागा मिळेल, मात्र अधिकार कसलाच असणार नाही, असे कलम आहे. सभेत सदस्यांनी सुसंस्कृतपणे वागावे अशी अपेक्षा एक कलम व्यक्त करते. त्याच्या पुढचे कलम एवढेच म्हणते, की वरील कलम हास्यास्पद आहे. वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत जवळजवळ प्रत्येक बाबीला मद्यपानाची जोड आहे. शेवटी सदस्यांनी आपापले उंट उभे करून टॅक्सी करावी, आणि मग वाळवंटाच्या नावाने आणखी एक पेला घ्यायला परत यावे, ही सूचना खुद्द लॉरेलची. मंडळाला प्रतिष्ठा असावी, पण ती अर्धवट असावी, असेही त्याने सुचवले होते. मूळ शब्द याहून बराच असभ्य आहे. घटना, शाखा, अधिवेशने यांचे सोपस्कार घरोघरी ठाऊक असलेल्या महाराष्ट्रात ती वाचणाऱ्याला गंमत वाटावी.

स्थानिक शाखेला ‘तंबू’ म्हणतात आणि प्रत्येक तंबूला जोडीच्या एखाद्या चित्रपटाचे नाव असते. लॉस एंजेलिसचा तंबू ‘वे आउट वेस्ट’, मिनेसोटातला ‘ब्लॉक-हेड्स’. सदस्यांत स्त्रिया-पुरुष दोन्ही असतात. बैठकीत गोंड्याच्या लाल तुर्की टोप्या घालून जुने लघुपट पाहायचे आणि स्टॅन व ‘बेब’ (हार्डीचे लाडके नाव) यांच्या नावाने पेले उंचवायचे. त्यांच्यासोबत जेम्स फिनलेसन, मे बुश आणि चार्ली हॉल या सहकलाकारांचेही स्मरण होते. दुय्यम नटांची अशी आठवण ठेवणारे रसिक विरळा.

या प्रेमाचे मूळ विनोदाइतकेच पडद्यावरच्या मैत्रीत आहे. ‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’ हे या दोघांना तंतोतंत लागू पडते. ‘ब्लॉक-हेड्स’मध्ये (१९३८) पहिले महायुद्ध संपून वीस वर्षे झाली तरी लॉरेल खंदकात पहारा देत राहतो, कारण युद्ध संपल्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सैनिकांच्या निवासात हार्डी भेटायला येतो. पाय दुमडून बसलेल्या मित्राचा एक पाय गेला असे समजून तो त्याला उचलून नेतो, धडपडतो, पडतो. मग दोन्ही पाय दिसतात. आधी का सांगितले नाहीस, या प्रश्नावर लॉरेलचे उत्तर : तू विचारलेस कुठे? हार्डी चिडतो, पण घरी नेण्याचा बेत मोडत नाही. तो चिडला की थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. माझ्या मते प्रेक्षकाला ही जोडी इतकी जवळची वाटण्याचे श्रेय या नजरेला आहे.

पडद्यामागे दोघे तसे वेगळे होते. लॉरेल प्रसंग रचण्यात आणि संकलनात बुडालेला असे, म्हणून त्याचे मानधनही जास्त होते. हार्डीची त्याबद्दल तक्रार नव्हती, काम संपले की तो गोल्फला जाई. खरी जवळीक वाढली ती १९४७ पासूनच्या ब्रिटनच्या नाट्यदौऱ्यांत. १९५३ साली आयर्लंडमधल्या कोव्ह बंदरात त्यांचे जहाज लागले, तेव्हा तिथल्या कॅथीड्रलच्या घंटांवर त्यांची सुपरिचित धून वाजवली गेली आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी आले. हार्डीच्या मृत्यूनंतर लॉरेलने पुन्हा कधी अभिनय केला नाही. सांता मोनिकामधल्या त्याच्या घराचा क्रमांक मात्र टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला असे. कोणीही फोन करावा, भेटायला यावे. पत्रांना तो स्वतः टंकलेखन करून उत्तरे देई. नट डिक व्हॅन डाइकनेही त्याला असेच गाठले होते. संघटनेचा घरगुती सूर इथून आला असावा.

चाहत्यांची तीर्थस्थळेही आहेत : लॉरेलचे जन्मगाव अल्वर्स्टन (इंग्लंड) आणि हार्डीचे हार्लेम (जॉर्जिया) येथील संग्रहालये, आणि लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला १३३ पायऱ्यांचा जिना. ऑस्कर मिळवणाऱ्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये (१९३२) दोघे पियानो चढवतात तो हाच.

हरवलेल्या फिती शोधण्याचा नाद हा या रसिकवर्गाचा आणखी एक उद्योग. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) या मूकपटातली क्रीमच्या ‘पाय’ (pie) नावाच्या गोड पदार्थाच्या फेकाफेकीची प्रसिद्ध लढाई बरीच वर्षे तुकड्यांतच उपलब्ध होती. तिचे दुसरे रीळ २०१५ साली एका संग्राहकाला सापडले. १९२७ चाच ‘हॅट्स ऑफ’ मात्र अजून बेपत्ता आहे. त्यात दोघे सिल्व्हर लेकच्या त्याच जिन्यावरून कपडे धुण्याचे यंत्र वर नेतात.