बिननावाच्या वादळाची वाट

ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली की जळगाव-धुळ्याकडे बंगालच्या उपसागराची चौकशी सुरू होते. अरबी समुद्र कितीतरी जवळ, पण त्याचा भरवसा कमी. तिकडून येणारे ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच बरेचसे रिकामे होतात. त्या समुद्रात चक्रीवादळ झाले तर ते बाष्प स्वतःभोवती ओढून घेते, ही आणखी पंचाईत. जून २०२३ मध्ये बिपरजॉय गुजरातेत जखाऊकडे गेले, तेव्हा मान्सून दक्षिण कोकणात अडकून पडला होता.

खान्देशाला हवे असते ते कमी दाबाचे क्षेत्र, फार तर डिप्रेशन, म्हणजे त्याहून जोरदार पण चक्रीवादळाहून सौम्य प्रणाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला तरच हवामान विभाग वादळाला नाव देतो. जुलै-ऑगस्टमध्ये उपसागरातल्या प्रणाली सहसा तिथवर जात नाहीत. खाली पश्चिमेचे वारे आणि बारा-चौदा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत, यांच्या ओढाताणीत वादळाचा माथा बुंध्यावरून सरकतो. जोर धरायला त्याला जागाच मिळत नाही. पाऊस मात्र भरपूर पडतो.

ओडिशाच्या किनाऱ्यापासून जळगाव सुमारे हजार किलोमीटर. हे अंतर कापायला प्रणालीला साधारण तीन-चार दिवस लागतात. ‘उपसागरात कमी दाब तयार झाला’ एवढ्या बातमीवर हुरळून जाऊ नये, मार्ग पाहावा. मान्सूनमध्ये सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणजे केंद्र नागपूर, बैतूल, खंडवा असे सरकले तर तापीचे खोरे नेमके पावसाच्या बाजूला येते. तेच केंद्र ग्वाल्हेरकडे वळले, किंवा मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला, तर इथे नुसते आभाळ भरून येते.

मार्ग जमला तरी काम अर्धेच झाले. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. फुला-पात्यावरची कपाशी दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर ओलावा खर्च करते; ५० मिलिमीटर पूर्ण मुरला तर आठ-दहा दिवसांची सोय. पण ‘पूर्ण मुरला तर’. भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी भेगांतून घटाघट पिते, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. त्यानंतरची जोरदार सर बांध फोडून नाल्याला जाते. २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकारी दफ्तरात अतिवृष्टी. शेताच्या दृष्टीने तो दोन तासांत पडला की दिवसभर, यावर सगळे अवलंबून. डोंगरालगत तर फारच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळल्या.

म्हणून अंदाज हाती येताच कोळप्याला (तण काढायच्या औताला) दोरी गुंडाळून उताराला आडव्या सऱ्या काढाव्यात. पाणी थबकते, मुरायला वेळ मिळतो. सखल रानात उलट करावे: एक चर बांधाबाहेर काढून ठेवावा. युरिया पावसाआधी टाकू नये, वाहून जातो; वापसा आल्यावर, म्हणजे जमीन कामाजोगी सुकल्यावर द्यावा.

धरणांचा हिशेब वेगळाच आहे. तापीवरचे हतनूर धरण भरते ते बैतूल-बऱ्हाणपूरकडच्या तापीच्या आणि विदर्भातल्या पूर्णेच्या पाण्याने, त्यामुळे आपल्या शिवारात थेंब नसतानाही त्याचे दरवाजे उघडलेले दिसतात. गिरणा धरणाला मात्र कळवण-बागलाणकडचा पाऊस लागतो.

मोठ्या उघडिपीनंतर एकदम दमदार पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत कपाशीची काही झाडे अचानक मलूल होतात. हा रोग नव्हे, आकस्मिक मर. तहानलेल्या मुळांभोवती पाणी साचते आणि हवा कोंडते. फुला-बोंडांनी लदलेली झाडे आधी बळी पडतात. आधी पाणी काढावे. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १०० मिलिलिटर आळवणी करावी. हे मलूल झाल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवे. पाने वाळून गळू लागल्यावर औषधाचा खर्च वाया जातो.