धागा तुटला की माग थांबला पाहिजे

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जाणं झालं. दाराशीच पत्र्याची सूचनापेटी होती, कुलूप लावलेली. मालक म्हणाले, "दोन वर्षं झाली, एक चिठ्ठी पडली नाही. आमच्या लोकांना काही सुचतच नाही." आत एका मागावर मला वेगळंच दिसलं. धागा तुटल्यावर माग थांबवणाऱ्या यंत्रणेची वायर काढून गुंडाळून ठेवली होती. विणकराला विचारलं. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग हळूच म्हणाला, "माग थांबला की कापडाचं मीटर कमी भरतं. मग बोलणी खावी लागतात."

पेटी रिकामी का राहिली, याचं उत्तर मला त्या वायरीत सापडलं. ते सांगायचं तर आधी यंत्रणा समजून घ्यावी लागेल, आणि ती आहेच इतकी देखणी की तिच्यावर थोडी जास्त जागा खर्च करतो.

मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा. ताण्याचा प्रत्येक धागा एका पातळ पोलादी पट्टीच्या भोकातून ओवलेला असतो. या पट्टीला ड्रॉपर म्हणतात. धागा ताणलेला असेपर्यंत पट्टी त्याच्यावर लटकून राहते. धागा तुटला की तिचा आधार जातो आणि ती खाली पडते. खाली एका दांडीत दोन धातूच्या पट्ट्या असतात, मध्ये विद्युतरोधक. पडलेला ड्रॉपर दोन्हींना एकदम टेकतो, विजेचं मंडल पूर्ण होतं आणि माग थांबतो. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणारा पहारेकरी, तोही एकेका धाग्याला वेगळा!

खरी गंमत ड्रॉपरच्या वजनात आहे. जड ठेवला तर तो धाग्याला घासून स्वतःच तोडतो. हलका ठेवला तर मागाच्या हादऱ्यांत तरंगत राहतो, वेळेवर पडत नाही. टॉवेलचे लूप ज्या ताण्यातून उठतात तो मुद्दाम सैल ठेवावा लागतो, म्हणून तिथे हलकाच ड्रॉपर लागतो. नाहीतर धागा शाबूत असतानाही माग थांबेल.

आता थोडं गणित. आडवा धागा ताण्यातून एकदा पार गेला की एक फेक. समजा, ताण्याचा एक धागा सरासरी 10 कोटी फेकींतून एकदाच तुटतो. इतका भरवशाचा धागा! पण ताण्यात असे 4,000 धागे असतील, तर दर 25,000 फेकींना कुठला तरी एक तुटणारच. मिनिटाला 200 फेकी धरल्या तर साधारण दर दोन तासांनी माग थांबेल. यात विणकराची चूक कुठे आहे? माग सारखा थांबतो म्हणून लिंबू-मिरची बांधणारे आणि वास्तू बघून माग हलवणारेही मी पाहिले आहेत. कापसाचा धागा कोरड्या हवेत कमजोर होतो, दमट हवेत बळकट. एप्रिलमधल्या सोलापूरच्या हवेत तो तुटायला कुणाची दृष्ट लागावी लागत नाही.

साकिची टोयोडा या जपानी संशोधकाने आयुष्यभर मागांवरच काम केलं. 1924 साली पूर्ण झालेला त्याचा जी-प्रकारचा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबायचा. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. त्याच घराण्याच्या टोयोटा मोटार कंपनीने पुढे हे तत्त्व माणसांपर्यंत नेलं: काही बिघडलेलं दिसलं की कामगाराने दोरी ओढायची, गरज पडली तर सगळी लाइन थांबवायची. 1951 पासून तिथे कामगारांच्या सूचनांची पद्धतही सुरू झाली. तिथे बोट दाखवणाऱ्याला बोलणी खावी लागत नव्हती, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

याचा शास्त्रीय पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. हार्वर्डच्या एमी एडमंडसन इस्पितळांतल्या औषध देण्याच्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, ही अपेक्षा. आकडे उलटे आले: चांगल्या गटांतच जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. ते गट चुका लपवत नव्हते, म्हणून त्या नोंदवल्या जात होत्या. बाकीच्यांकडे ड्रॉपर बांधून ठेवलेले होते. 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या 51 गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोललं तर अपमान होणार नाही असा विश्वास जिथे होता, तिथे लोक प्रश्न विचारत, मदत मागत, चुकांवर बोलत; म्हणजेच शिकत, आणि त्यांचं कामही सरस होतं. याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. हॉटेलात एक दिवसाचं नवोन्मेष शिबिर घेऊन आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ती येत नाही. तिचा निकाल रोजच्या पगाराच्या हिशोबात लागतो.

हे मी त्या मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. माग थांबल्याने कमी भरलेल्या मीटरचे पैसे कापणं बंद केलं, वायर जोडली आणि मागाशेजारी एक फळा लावला. धागा तुटला की वेळ आणि जागा खडूने लिहायची.

महिन्याभराने पुन्हा गेलो. "दारम तेगिंदी," म्हणजे धागा तुटला, असं तेलुगूत ओरडून तोच विणकर मागाच्या मागे वाकला होता. दोन बोटांत टोकं धरून त्याने गाठ मारली, धागा ड्रॉपरमधून ओवला, माग सुरू केला आणि फळ्यावर वेळ लिहिली. मग मला हाताला धरून फळ्याजवळ नेलं. बहुतेक नोंदी दुपारी दोन ते चारमधल्या होत्या, त्याही दाराकडच्या बाजूच्या. "तिकडून झळ येते," तो म्हणाला. दाराला त्याने भिजवलेलं गोणपाट टांगलं होतं आणि वरून बारीक छिद्रांची नळी सोडली होती. नळीतून थेंब थेंब पाणी गोणपाटावर झिरपत होतं.