ट्यूबिफेक्स की ब्लडवर्म: गावाला जाताना शेजाऱ्यांकडे काय द्यावं

शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन खाद्य म्हणून नुसतं "लाल वर्म द्या" म्हटलं, की दोनपैकी काहीही हातात पडू शकतं. एक ट्यूबिफेक्स, दुसरं ब्लडवर्म. दोन्ही लाल, दोन्ही बारीक आणि नखरेल मासा दोन्हींवर सारखाच तुटून पडतो. आपण घरी असलो तर या गोंधळाने फारसं बिघडत नाही. पण दिवाळीत आठवडाभर बडोद्याहून पुण्या-कोल्हापूरकडे जायचं असेल आणि मागे टँकमध्ये डिस्कस किंवा पी पफर यांसारखे खाण्याच्या बाबतीत नखरेल मासे असतील, तर फ्रिजमध्ये यातलं काय ठेवून निघालात याने मोठा फरक पडतो.

पांढऱ्या बशीत थोडं पाणी घेऊन दोन्ही शेजारी शेजारी सोडून बघा. ट्यूबिफेक्स हे गांडुळाचे नातलग. केसासारखे बारीक, दोन्ही टोकं सारखीच दिसतात, आणि सुटे सोडले तरी थोड्याच वेळात एकमेकांत गुंतून शेवयांसारखा लगदा होतो. ब्लडवर्म हा खरं तर किडाच नव्हे, ती अळी आहे, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका माशीची. एका टोकाला गडद रंगाचं इवलं डोकं, त्यामागे आखूड पायांची जोडी, शेपटीकडे आणखी एक जोडी, आणि अंगावर ठळक वळ्या. पाण्यात ती इंग्रजी आठचा आकडा काढत वळवळते. एकदा डोकं ओळखता आलं की पुन्हा गफलत होत नाही.

रंग मात्र दोघांचा एकाच कारणाने लाल. दोघांच्याही शरीरात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळात ते तग धरतात. कीटकांमध्ये हे तसं दुर्मीळच. ट्यूबिफेक्स तर तोंड गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवत ठेवतो आणि शेपटीनेच श्वास घेतो. सांडपाण्याच्या घाण गाळात तो सुखाने वाढतो, आणि त्याच्याबद्दलची भीती इथूनच सुरू होते. थंड प्रदेशांतल्या ट्राउट माशांना गरगर फिरायला लावणाऱ्या एका परजीवीचं अर्धं आयुष्य ट्यूबिफेक्सच्या पोटात जातं. आपल्या उबदार टँकमधल्या माशांना त्या रोगाची चिंता नाही, पण गाळातले जीवाणू बरोबर येतातच. म्हणून जिवंत ट्यूबिफेक्स वाहत्या पाण्यात धुऊन, उथळ भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवतात आणि पाणी रोज बदलतात. एक दिवस चुकला तर लगद्याच्या आतले मरतात, पांढुरके पडतात, आणि झाकण उघडताच वास येतो.

म्हणजे जिवंत ट्यूबिफेक्स हे रोज निगा राखावी लागणारं खाद्य आहे. शेजारच्या काकूंना हे काम सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

"निघताना मूठभर जिवंत ट्यूबिफेक्स टँकमध्ये सोडून जा, मासे आठवडाभर टिपत राहतील," असा सल्ला नेहमी मिळतो. ऐकायला सोयीचा वाटतो, पण दोन्हीकडून फसतो. तळाला रेती नसेल तर मासे पहिल्याच दिवशी अधाशासारखं खाऊन पोट फुगवून बसतात. रेती असेल तर किडे तिच्यात शिरतात, माशांच्या तोंडाला येतच नाहीत, आणि एखाद्या कोपऱ्यात गोळा होऊन मेले तर पाण्यात अमोनिया चढतो. पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त आणि विरघळलेला प्राणवायू कमी. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा 40 च्या वर असताना, बंद घरातला टँक किती तापतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आता ब्लडवर्म. तो जिवंत मिळाला तरी सुट्टीसाठी कामाचा नाही, कारण अळी कोषात जाते आणि मग उडून जाते. आपल्याला हवा तो फ्रोजन, लहान चौकोनी कप्प्यांच्या पट्टीत गोठवलेला. त्याला निगा लागत नाही, लागतो फक्त चालू फ्रीजर. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावाला निघताना मेन स्विच बंद करायची सवय पुष्कळ घरांत आहे. टँकचा फिल्टर आणि फ्रिज दोन्ही चालू राहायला हवेत. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मध्ये वीज जाऊन सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. उरलेली पट्टी टाकून द्या.

दुकानात तिसरीही एक वस्तू असते आणि तिच्यामुळे घोटाळा वाढतो: डबीतले वाळवलेले ट्यूबिफेक्सचे कोरडे चौकोन. आकार फ्रोजन क्यूबसारखाच, म्हणून लोक ते घेऊन येतात. हे ओले करून काचेला आतून दाबलं की चिकटतं आणि मासे कुरतडतात. जो मासा हे आधीपासून खातो त्याच्यासाठी उत्तम, कारण ना फ्रीजर लागतो ना धुणं. पण पी पफरसारखा, केरळ-कर्नाटकाच्या नद्यांतला बोटाच्या पेराएवढा शिकारी, सहसा कोरड्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला हलणारं भक्ष्य लागतं. ऑटोमॅटिक फीडरही याच कारणाने त्याच्या कामाचा नाही, त्यातून कोरडंच पडतं.

फ्रोजन तरी कुठे हलतं? म्हणून सवय आधीच लावावी लागते, निघायच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या बरंच आधी. क्यूब वितळवून अळ्या फिल्टरच्या धारेत सोडा, त्या वाहताना जिवंत वाटतात. पफरला लांब चिमट्याने एकेक अळी तोंडासमोर हलवून दाखवा. सुरुवातीला जिवंतात थोडं फ्रोजन मिसळा आणि प्रमाण हळूहळू वाढवत न्या. मासा बिनतक्रार खायला लागला, तरच तो शेजाऱ्यांच्या हवाली करण्याजोगा झाला.

बडोद्यात याला आणखी एक बाजू आहे. दिवाळीनंतर बरीच दुकानं लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, उघडत नाहीत, त्यामुळे "संपलं तर आणून द्या" हे सांगण्यात अर्थ नसतो. जे लागेल ते धनतेरसच्या आधी घरात हवं. आणि शेजार बहुतेक वेळा गुजराती, शाकाहारी, कधी जैन. वळवळणारी पिशवी त्यांच्या हाती देणं बरोबर नाही, आणि गोठवलेल्या अळ्याही त्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवायला सांगू नयेत. त्या आपल्याच घरी राहू द्याव्यात, किल्ली द्यावी, आणि आधी सरळ विचारावं: "मासी, हे गोठवलेले किडे आहेत. तुम्हाला चालत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय करतो." नको म्हणाल्या तर दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीतला एखादा भाचा-पुतण्या बघावा.

पट्टीचे कप्पे कात्रीने सुटे करून, वार लिहिलेल्या छोट्या डब्यांत फ्रीजरमध्येच ठेवा. बाकीचा साठा दिसेल असा ठेवू नका, कारण प्रेमापोटी माणूस जास्तच घालतो. डबीवरची सूचना एवढीच: टँकच्या पाण्याच्या वाटीत क्यूब दहा मिनिटं वितळू द्या, लाल झालेलं पाणी चहाच्या गाळणीने गाळून टाका, अळ्या तेवढ्या टँकमध्ये सोडा. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचा नाही, कारण ब्लडवर्मच्या हिमोग्लोबिनची काही जणांना ॲलर्जी असते. डोळे खाजतात, शिंका येतात.

रोज घालायचीही गरज नाही. पूर्ण वाढलेला निरोगी डिस्कस आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्याला एक दिवसाआड पुरे. पिल्लं आणि पी पफर मात्र इतका उपास काढत नाहीत. पफरसाठी निघण्यापूर्वी टँकमध्ये लहान गोगलगायी सोडून ठेवा, दोन जेवणांच्या मध्ये तो त्या फोडून खातो. परतल्यावर आधी चौथाई पाणी बदला, मग खायला घाला, आणि पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच.