पॉप की आयमॅप: संस्थेचा मेल स्वतःच्या मोबाईलवर जोडताना

खरिपाचे दिवस होते. आमचा एक कार्यकर्ता सकाळी स्वतःच्या पऱ्हाटीवर फवारणीला गेला. ड्रमातून पंप भरायला वाकला आणि शर्टाच्या खिशातला मोबाईल सरळ औषधाच्या पाण्यात पडला. मोबाईल गेला तो गेलाच, पण दुपारी ऑफिसात येऊन तो जे बोलला त्यानं मला घाम फुटला. "ताई, संस्थेचे मेल त्याच मोबाईलात होते जी."

मी म्हटलं, मेल कुठं मोबाईलात असतात, ते तर सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतात. लगेच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर संस्थेचं खातं उघडलं. आलेल्या मेलमध्ये मधले दोन-अडीच महिने अगदी विरळ दिसत होते आणि पाठवलेल्या मेलचं फोल्डर त्या काळापुरतं रिकामंच होतं. देणगीदार कंपनीला दिलेली उत्तरं, ऑडिटरला पाठवलेले व्हाउचरचे फोटो, तालुक्याच्या ऑफिसला लिहिलेलं पत्र, सगळं त्यानं मोबाईलवरून पाठवलेलं. समोरच्यांना ते मिळालंही होतं, पण आमच्याकडे एकाचीही नक्कल नव्हती.

पोरगा प्रामाणिक आहे, आपला मोबाईल आणि आपला डेटा संस्थेसाठी खर्च करणारा. सर्व्हरवरचे मेल मोबाईलवर आणायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. खातं जोडताना त्याचं बोट आयमॅपऐवजी पॉपवर पडलं, एवढंच घडलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या छोट्या संस्थांमध्ये हे कुठंही होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संस्थेचा पत्ता साधा जीमेलचा असेल तर जीमेल अ‍ॅपमध्ये हा प्रश्न येतच नाही. पत्ता आणि पासवर्ड टाकला की झालं, मेल सर्व्हरवरच राहतात. पण वेबसाईटसोबत संस्थेच्या नावाचा पत्ता घेतला असेल, तर खातं जोडताना 'इतर' निवडावं लागतं. मग मोबाईल विचारतो की खातं कोणत्या प्रकारचं आहे. तिथं दोन नावं एकाखाली एक येतात आणि जीमेल अ‍ॅपमध्ये दोन्हींच्या आधी 'पर्सनल' हा शब्द असतो: पर्सनल पॉप-थ्री, पर्सनल आयमॅप. आपला मोबाईल पर्सनल, म्हणून माणूस पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवतो. त्याच पासवर्डनं दोन्ही चालतात, दोन्हींत मेल येतात आणि जातात. दोन महिने काही फरकही जाणवत नाही. फसगत होते ती इथंच.

आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं. आलेलं पत्र आवकला चढतं, गेलेलं जावकला. मोबाईलच्या सेटिंगमध्ये इनकमिंग आणि आउटगोइंग असे जे दोन सर्व्हर विचारतात, ते म्हणजे आवक आणि जावक. पॉप आणि आयमॅप या दोन्ही फक्त आवकच्या पद्धती आहेत. जावकचं काम दोन्हींत एसएमटीपी नावाची तिसरीच पद्धत करते.

पॉप म्हणजे ऑफिसात आलेलं पत्र उचलून आपल्या घरी नेणं. घरी नेताना मूळ पत्र ऑफिसात ठेवायचं की नाही, हे एका छोट्याशा सेटिंगवर ठरतं. काही अ‍ॅपमध्ये 'सर्व्हरवरून कधीच काढू नका' असा पर्याय असतो, काहींत 'मी इनबॉक्समधून काढलं की काढा' असा, तर कॉम्प्युटरवरच्या काही प्रोग्रॅममध्ये चौदा दिवसांची मुदत आधीच भरलेली असते. आमच्या कार्यकर्त्याकडे दुसरा पर्याय निवडलेला होता. त्याच्या मोबाईलची जागा सारखी भरायची, म्हणून तो वाचून झालेले मेल साफ करायचा. मोबाईल मोकळा होत होता आणि तिकडे संस्थेची आवकही रिकामी होत होती.

जावकचं दुखणं याहून वाईट, कारण ते दिसत नाही. पॉपमध्ये पाठवलेल्या मेलची नक्कल पाठवणाऱ्याच्या मोबाईलातच राहते. सर्व्हरवर ती ठेवायची सोय पॉपला नाहीच, त्याला फक्त आवक उचलता येते. म्हणजे आवकचं सेटिंग कितीही नीट असलं, तरी पॉपवरून लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्या एका मोबाईलच्या नशिबावर.

आयमॅपमध्ये रजिस्टर ऑफिसच्या कपाटातच राहतं आणि आपला मोबाईल ही त्या कपाटाची काच असते. काचेतून वाचता येतं, लिहिताही येतं, पण कागद जागेवरच. मी सकाळी एक मेल वाचला तर अध्यक्षांच्या मोबाईलवर तो वाचलेला दिसतो. 'ऑडिट' नावाचं फोल्डर केलं तर ते सगळ्यांकडे दिसतं. कार्यकर्त्यानं गावातून उत्तर पाठवलं तर त्याची नक्कल सर्व्हरवरच्या पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन बसते आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला कळतं की उत्तर गेलंय, पुन्हा पाठवायचं नाही. दोन जणांनी एकाच देणगीदाराला दोन वेगवेगळी उत्तरं द्यायची, ही आमची जुनी खोड यानंच गेली.

हा फरक त्यांच्या जन्मातच आहे. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ ची, आज वापरतो ती तिसरी १९८८ मध्ये आली. फोनची लाईन महाग, जोडणी थोडा वेळ मिळायची आणि माणसाकडे कॉम्प्युटर एकच. लाईन लागली की डाक उतरवून घ्यायची आणि लाईन सोडायची, त्या काळाला ते शहाणपणाचंच होतं. आयमॅप १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी बांधलं, ते एकच पेटी अनेक मशीनवरून उघडता यावी म्हणून. संस्थेचं काम नेमकं तसं असतं: पेटी एक, माणसं चार, मोबाईल चार.

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. आपल्या भागात रेंज कुठं असते? मेळघाटात धारणीच्या पुढं गेलं की टॉवर कधी दिसतो, कधी नाही. एक मित्र म्हणाला होता, "तुमचं आयमॅप ऑफिसातल्या लोकायसाठी बरं हाय. आमाले त मेल मोबाईलातच पायजे." पण मेल मोबाईलात असणं आणि फक्त मोबाईलातच असणं यात फरक आहे. आयमॅपवरही अलीकडचे मेल मोबाईलात उतरलेले असतात, रेंज नसताना ते वाचता येतात. किती दिवसांचे उतरवून ठेवायचे हे सेटिंगमध्ये वाढवता येतं. अडचण जोडलेल्या फाईलची होते, कारण बऱ्याचदा ती उघडल्याशिवाय उतरत नाही. म्हणून बैठकीचा अजेंडा किंवा नकाशा लागणार असेल तर तालुक्याला चहा पिताना ती फाईल एकदा उघडून सेव्ह करून घ्यायची. रेंज नसताना लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबतं आणि रेंज आली की जातं, पॉप असो की आयमॅप.

आयमॅपचा धोका मात्र सांगायलाच हवा, कारण पॉपवरून आयमॅपवर आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात त्यात सापडतो. जागा करायला मोबाईलवर मेल डिलीट केला की तो सगळ्यांचाच डिलीट होतो. अध्यक्षांच्या मोबाईलवरून, ऑफिसातून, सगळीकडून. जीमेलवर तो तीस दिवस कचरापेटीत राहतो, इतरत्र मुदत वेगळी असते. मोबाईलची जागा भरत असेल तर उतरवायच्या दिवसांची संख्या कमी करा. मेलला हात लावू नका. आणि कुणी संस्था सोडून चाललं असेल तर त्याला एकेक मेल काढायला लावू नका, मोबाईलच्या सेटिंगमधून अख्खं खातं काढायला सांगा. आयमॅपचं खातं मोबाईलवरून काढलं तर सर्व्हरवरचा एक शब्दही हलत नाही. पॉपचं खातं काढलं तर त्या मोबाईलात उतरलेलं सगळं त्याच्यासोबत जातं. ऐकायला एकच कृती, पण परिणाम उलटे.

म्हणून आधीच कुणाच्या मोबाईलवर पॉप जोडलेलं असेल तर घाईनं काढू नका. पॉपचं आयमॅप एका बटणानं होत नाही, खातं काढून नव्यानं जोडावं लागतं. काढण्याआधी त्या मोबाईलातलं पाठवलेल्या मेलचं फोल्डर उघडा आणि महत्त्वाचे मेल संस्थेच्याच पत्त्यावर फॉरवर्ड करा. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी दुपार जाते. तरी करा.

आपल्याकडे काय जोडलंय हे कळत नसेल तर खात्याच्या इनकमिंग सेटिंगमध्ये पोर्टचा आकडा पाहा. ९९५ असेल तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप. आकडेही जुळ्या भावंडांसारखे, म्हणून डोळे नीट उघडून वाचा. ११० किंवा १४३ दिसला तर तेही अनुक्रमे पॉप आणि आयमॅपच, पण तिथं सुरक्षेचा प्रकारही तपासा. तो 'काहीच नाही' असा असेल तर पासवर्ड उघड्यावर जातोय, लगेच बदला. आउटगोइंगला सहसा ४६५ किंवा ५८७ असतं. युजरनेमच्या जागी सहसा पूर्ण मेल पत्ता टाकावा लागतो. नुसतं पुढचं नाव टाकलं म्हणून जोडणी होत नाही आणि माणूस वैतागून पॉप करून पाहतो, असं मी दोनदा पाहिलंय.

खात्याचा प्रकार विचारतात त्या यादीत पॉप आणि आयमॅपसोबत एक्सचेंज नावाचा तिसरा पर्यायही असतो. तुमच्या मेल देणाऱ्यानं सांगितलं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात कधीकधी मोबाईलवर ताबा ठेवायची, दुरून तो पुसायचीही परवानगी मागतात. कार्यकर्त्याच्या मोबाईलात त्याच्या लेकराचे फोटो असतात. न वाचता ती परवानगी देऊ नये.

पॉपला मी पूर्ण हद्दपार केलं नाही. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते मुद्दाम ठेवलंय, 'सर्व्हरवरून काढू नका' या सेटिंगसह. आयमॅपवर कुणाच्या हातून चुकून मेल उडाला तर तो सगळीकडून उडतो, पण या कॉम्प्युटरवर आधीच उतरलेली प्रत तशीच राहते. झेरॉक्स काढून दुसऱ्या कपाटात ठेवावी तशी. त्या कॉम्प्युटरवरून उत्तर मात्र कुणी लिहायचं नाही, तसा कागद त्याच्या स्क्रीनला चिकटवलाय.

त्या कार्यकर्त्यानं नवा मोबाईल घेतला तेव्हा आम्ही दोघांनी बसून खातं जोडलं. नावाच्या रकान्यात त्याचं नाव न टाकता संस्थेचं टाकलं, कारण बाहेरच्याला तेच दिसतं. मोबाईलला स्क्रीन लॉक घातलं. आयमॅपवर बोट ठेवताना तो थांबला आणि म्हणाला, "ताई, हा मोबाईल पडला त?" मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर संस्थेचा मेल उघडून ठेवला आणि त्याला एक चाचणी मेल पाठवायला लावला. त्यानं तो मोबाईलवरून पाठवला आणि थोड्या वेळानं कॉम्प्युटरवरच्या पाठवलेल्या मेलमध्ये तो आपोआप येऊन बसला. त्यानं मग उठून पुन्हा एक पाठवला, पुन्हा पाहिला.

यंदा त्याला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी त्यानं माझ्यासमोर मोबाईलवरून खातं काढलं. संध्याकाळी आम्ही पासवर्ड बदलला आणि उरलेल्या तिघांच्या मोबाईलवर नवा टाकून घेतला.