मुक्काम (सायकल भ्रमंतीतील)

अनेक दिवसांच्या सायकल प्रवासात रात्र उघड्यावर तंबू ठोकून काढावी की भाड्याच्या खोलीत, हा निर्णय खर्चाइतकाच ओझ्याचा आणि परवानगीचाही असतो. तंबू, झोपण्याची पिशवी, चटई आणि चूल मिळून कॅरिअरवर चार-पाच किलो सहज वाढतात, आणि कसारा किंवा माळशेज घाटाच्या चढावर त्यातला प्रत्येक किलो जाणवतो.

नॉर्वेत १९५७च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर, तंबू ठोकता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने असा हक्क दिला आहे. भारतात असा सार्वत्रिक हक्क नाही. जमीन खासगी असेल तर मालकाला, गावकीची असेल तर ग्रामपंचायतीला विचारावे लागते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मुरूड-रोहा तालुक्यांतील फणसाडसारख्या अभयारण्यात परवानगीविना राहता येत नाही.

मुंबईचे सायकलस्वार बहुधा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला किंवा वाहने नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरून अलिबाग, काशीद, मुरूड असे दक्षिणेकडे निघतात. या पट्ट्यात दर काही किलोमीटरांवर गाव लागत असल्याने तंबू ही गरज नसून हौस ठरते. घरगुती मुक्कामात अंगणात सायकल ठेवायला जागा, आंघोळीला गरम पाणी आणि, दुपारपर्यंत फोन करून माणसे कळवली असल्यास, रात्रीचे जेवण मिळते. अडचण शनिवार-रविवारची: अलिबाग परिसरात त्या दोन रात्री दर चढतात, आणि एकट्या माणसाला खोली द्यायला घरमालक कुरकुरतात. पावसाळ्यात तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात छप्पर हवेच.

थंडीच्या महिन्यांत तंबूला खरी गोडी येते. किनाऱ्यावर तो सुरूच्या बनात, वाळलेल्या शेवाळाने दाखवलेल्या भरतीच्या रेषेच्या बराच वर लावतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती रेषाही पुढे सरकते. पहाटे कापड दवाने निथळत असते आणि ते वाळेपर्यंत निघता येत नाही, म्हणजे थंड हवेतले सायकल चालवण्याचे उत्तम दोन तास तिथेच जातात. खाऱ्या हवेत रात्रभर उभ्या राहिलेल्या सायकलची साखळी सकाळी पुसून तेल द्यावे लागते, हे वेगळेच.

या दोहोंमधली एक जुनी रीत अधिक शहाणपणाची दिसते. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी किंवा एखाद्याची नारळी-पोफळीची वाडी गावकऱ्यांना विचारून मिळवायची, तंबू तिथेच लावायचा आणि जेवणाचे पैसे द्यायचे. विहीर व शौचालय जवळ असते, आणि रात्री बॅटरीचा उजेड पाहून कोणी चौकशीला आलेच, तर ‘कोणाला विचारून?’ या प्रश्नाला सांगायला एक नाव असते.