डायकास्ट सुपरकार मॉडेल

डायकास्ट सुपरकार मॉडेल म्हणजे खऱ्या सुपरकारची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेली प्रतिकृती. मुलांच्या खेळण्यातली मोटार आणि संग्राहकाच्या कपाटातले मॉडेल यांच्या ओतकामाची रीत एकच असते. दर्जा ठरतो तो मापांचा बिनचूकपणा, रंगाच्या थराची जाडी आणि वेगळे बसवलेले बारीक भाग यांवर. दारे, बॉनेट, डिकी उघडते का, एवढ्यावरच मॉडेल जोखण्याची सवय नवख्यांना असते. पण उघडणाऱ्या प्रत्येक भागाभोवती फट येते, आणि ती फट प्रमाणात राखता आली नाही तर असे मॉडेल बंद कवचाच्या मॉडेलपेक्षाही मूळ गाडीपासून लांब जाते.

घडण

वापरला जाणारा धातू झामॅक या नावाने ओळखला जातो. तो मुख्यतः जस्ताचा असून त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अत्यल्प मॅग्नेशियम असते. सुमारे ४२० अंश सेल्सियसला हा रस दाबाने पोलादी साच्यात शिरतो आणि पाहता पाहता घट्ट होतो. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या भिंतींना किंचित उतार ठेवावा लागतो. त्यामुळे अगदी तीक्ष्ण कडा आणि हवा आत घेणाऱ्या खोल जाळ्या धातूत नीट उतरत नाहीत. चांगल्या मॉडेलमध्ये जाळी पातळ पत्र्यावर रासायनिक कोरीवकाम करून वेगळी बसवतात, स्वस्त मॉडेलमध्ये ती नुसत्या काळ्या रंगाने भासवतात. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ घासून काढली, की तुकडा धुतात आणि प्रायमर, रंग, लॅकर असे थर देतात. बोधचिन्हे व अक्षरे सिलिकॉनच्या मऊ गादीने छापतात.

रंगाचा हिशेब कडक असतो. १:१८ (म्हणजे मूळ गाडीच्या एक-अठरांश मापाच्या) मॉडेलवर ०.१ मिलिमीटर जाड थर बसला, तर तो मूळ गाडीवरच्या १.८ मिलिमीटर लेपाएवढा दिसतो. बॉनेटवरच्या घड्या बोथट झाल्या, दारांच्या फटी रंगाने भरून आल्या, की ओतकाम उत्तम असूनही मॉडेल खेळण्यासारखे वाटते. धातुई रंगातली चमकीही लहान कणांची लागते. मूळ गाडीचाच रंग आणून फवारला तर तिचे कण मॉडेलवर फार मोठे दिसतात.

प्रमाणे आणि निर्माते

१:४३ हे प्रमाण ओ-गेज या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेच्या मापातून आले. त्यात एका फुटाला ७ मिलिमीटर धरतात, आणि मेकानो कंपनीच्या डिंकी मोटारी १९३० च्या दशकात या रेल्वेच्या सोबतीनेच वाढल्या. मॅचबॉक्सच्या खिशात मावणाऱ्या गाड्या १९५३ मध्ये, हॉट व्हील्स १९६८ मध्ये आल्या. या लहान गाड्यांना सरसकट १:६४ म्हणतात, पण त्यातल्या अनेक प्रत्यक्षात डब्याच्या मापाने घडवलेल्या असतात. लांब गाडी जास्त आक्रसते आणि छोटी कमी, म्हणून अशा दोन गाड्या शेजारी ठेवून मापांची तुलना करण्यात अर्थ नाही. मिनी जीटी, टारमॅक वर्क्स, इनो६४ यांची मॉडेल मात्र काटेकोर १:६४ धरून केलेली असतात.

सुपरकारच्या संग्रहात १:१८ ला मान आहे, कारण इंजिन, आसने आणि ब्रेक या मापात दाखवता येतात. हे प्रमाण घरोघर पोहोचवण्यात मिलानजवळच्या बुरागोचा वाटा मोठा. २००५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे नाव माइस्तो नावाची मॉडेल बनवणाऱ्या हाँगकाँगच्या मे चाँग समूहाकडे गेले. वरच्या पायरीवर ऑटोआर्ट, क्योशो, मिनिचॅम्प्स आणि जुन्या गाड्यांसाठी जर्मनीची सीएमसी ही नावे येतात. कोणती गाडी कोण काढणार हे परवान्यावर ठरते. फेरारीचा परवाना १९९९ पासून बराच काळ हॉट व्हील्सच्या मॅटेल कंपनीकडे होता, २०१५ पासून तो बुरागोच्या नव्या मालकांकडे आला; त्यामुळे फेरारीचे मॉडेल कोणत्या काळातले आहे हे नुसत्या डब्यावरूनही बरेचसे कळते.

तुलना कशी करावी : मॅक्लारेन एफ१

१९९२ मध्ये मोनॅको येथे सादर झालेली मॅक्लारेन एफ१ तुलनेसाठी आदर्श आहे. तिची अधिकृत मापे सहज मिळतात, आकार साधा आहे आणि चुका लपत नाहीत. मूळ गाडीची लांबी ४,२८७ मिलिमीटर, रुंदी १,८२०, उंची १,१४० आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर) २,७१८ मिलिमीटर. १८ ने भागल्यावर मॉडेल अनुक्रमे २३८, १०१, ६३ आणि १५१ मिलिमीटरचे यायला हवे. व्हर्नियर कॅलिपरने आधी व्हीलबेस मोजावा. लांबी एखाद्या मिलिमीटरने चुकली तर डोळ्याला कळत नाही, पण व्हीलबेस चुकला की चाक मडगार्डच्या कमानीत मध्यावर बसत नाही आणि गाडीची ठेवणच बिघडते.

दुसरी तपासणी टायरची, आणि इथेच बहुतेक स्वस्त मॉडेल नापास होतात. एफ१ ला पुढे २३५/४५, मागे ३१५/४५ मापाचे, १७ इंची रिमवरचे टायर आहेत (पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची). त्यांचा बाहेरचा व्यास अनुक्रमे ६४३ आणि ७१५ मिलिमीटर भरतो, म्हणजे १:१८ मध्ये ३५.७ आणि ३९.७. पुढच्या-मागच्या चाकांत तब्बल ४ मिलिमीटरचा फरक दिसला पाहिजे. खर्च वाचवण्यासाठी चारही चाके एका मापाची घातली, की गाडीचा मागचा भाग हलका आणि दुबळा दिसतो. काय खटकते ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, कॅलिपर मात्र लगेच सांगतो.

मग फटी. ०.५ मिलिमीटरची फट म्हणजे मूळ गाडीवर ९ मिलिमीटर, आणि हातबांधणीच्या सुपरकारला हे जास्तच. फट मोजण्याच्या फीलर गेजची पोलादी पात रंगाला ओरखडे पाडते, म्हणून बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि पडद्यावर मोजावे. फोटो दीड ते दोन मीटरवरून झूम करून घ्यावा. फोन जवळ नेला की नाक फुगते आणि चांगले मॉडेलही बेढब वाटते.

एफ१ च्या आतल्या खुणा ठरलेल्या आहेत : चालकाचे आसन मधोमध, त्याच्या उजव्या हाताला गिअर, डाव्या हाताला हँडब्रेक, दोन्ही बाजूंना जरा मागे सरकलेली दोन आसने. इंजिनाच्या खणात उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा वर्ख आहे. मॉडेलमध्ये तो पिवळ्या रंगाने नुसता रंगवला आहे की चकाकणाऱ्या पत्र्यासारखा उतरला आहे, हे टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. चाक फिरवून पाहिले तर ब्रेकची तबकडी फिरावी आणि तिला पकडणारा भाग (त्यालाही कॅलिपरच म्हणतात) जागेवर राहावा. दोन्ही एकत्र फिरले तर तो भाग रिमलाच चिकटवलेला आहे. दिव्याच्या काचेमागे बसवणीची खुंटी डोळ्यासारखी दिसणे हाही स्वस्तपणाचा हमखास पुरावा. आवृत्त्याही नीट ओळखाव्यात. एकूण १०६ गाड्यांपैकी सर्वसाधारण रस्त्यावरच्या ६४ आहेत. एलएम (ल मान) आवृत्तीला स्थिर मागचा पंख आणि १८ इंची रिम असतात, तेव्हा एलएमच्या नावाखाली १७ इंची रिम दिसल्यास भागांची सरमिसळ झाली आहे असे समजावे.

धातू, कंपोझिट की रेझिन

२०१० च्या दशकाच्या मध्यापासून ऑटोआर्टने कवच कंपोझिट प्लास्टिकचे आणि तळ धातूचा असा बदल केला. हातात घेतल्यावर जड लागत नाही म्हणून पुष्कळ संग्राहकांनी तो नाकारला. पण वजन हा तपशिलाचा निकष नाही : कवच पातळ राहते, कडा धारदार येतात, फटी अरुंद होतात आणि रंगाखाली फोड येत नाहीत. एफ१ सारख्या गाडीत वर आणि पुढे उघडणाऱ्या दारांची पातळ कड धातूपेक्षा कंपोझिटमध्ये खरी दिसते. बीबीआर, एमआर या कंपन्यांची रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेची) मॉडेल बहुधा न उघडणारी असतात; आकार अचूक, प्रती थोड्या, किंमत चढी. रेझिन उन्हाने वाकते, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात असे मॉडेल पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद मोटारीत ठेवू नये.

बिघाड आणि जपणूक

जस्ताचा किडा हा सर्वांत वाईट रोग. मिश्रधातूत शिसे ठरलेल्या अत्यल्प मर्यादेपेक्षा जास्त मिसळले की दमट हवेत धातूचे कण आतून सुटू लागतात. आधी दार घट्ट होते, तळ वाकतो, मग केसासारख्या भेगा पडतात. यावर इलाज नाही. मात्र एका मॉडेलवरून दुसऱ्यावर हा रोग पसरत नाही, त्यामुळे शेजारची मॉडेल हलवण्याची गरज नसते.

रंगावरचे टाचणीच्या डोक्याएवढे फोड वेगळे. धातूच्या सूक्ष्म छिद्रांतली किंवा नीट न धुतलेल्या पृष्ठभागावरची ओल रंगाला खालून उचलते. सुरुवात बहुधा दारांच्या आणि बॉनेटच्या कडांपासून होते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तिथे उघडी फळी धोक्याची. रबरी पट्टी लावलेले काचेचे कपाट, आत आर्द्रतामापक आणि ४० ते ५५ टक्के आर्द्रता हे लक्ष्य ठेवावे. १०० लिटरच्या कपाटाला पाव किलो सिलिका जेलपासून (ओल शोषणारे, रंग बदलणारे खडे) सुरुवात करावी, मापक पाहून वाढवावे, आणि खड्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरावे.

मऊ टायरमधले प्लास्टिसायझर (टायर मऊ ठेवणारे रसायन) खालच्या प्लास्टिकमध्ये उतरते आणि टायर चिकटून बसतो. दीर्घ मुक्कामासाठी तळाखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी ठेवावीत. डब्यात मॉडेलभोवती गुंडाळलेला पातळ प्लास्टिक कागद वर्षानुवर्षे तसाच राहिला तर रंगावर त्याच्या सुरकुत्यांचे डाग उमटतात, म्हणून तो आधी काढावा. धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओला केलेला मायक्रोफायबर कपडा पुरतो. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियायुक्त काचसफाईचा द्रव छापील चिन्हे उडवतो. दार नखाने नव्हे तर प्लास्टिकच्या चपट्या काडीने उघडावे. उचलताना तळाला धरावे. आरसे आणि पंख हातात येतात ते बहुधा याच क्षणी.

भारतातील खरेदी

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे वापरलेले साचे कोलकात्यात आले आणि निकी टॉइज या नावाने भारतीय प्रती निघाल्या. त्यात जॅग्वार ई-टाइपही होती. आज १:१८ मॉडेल जवळजवळ सगळी आयात होतात. खेळण्यांवरचे सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. परदेशातून मागवताना शुल्क गृहीत धरूनच किंमत ताडावी. वापरलेले मॉडेल घेताना विक्रेत्याकडे तळाचा, दारांच्या कडांचा आणि चारही टायरचा जवळून फोटो मागावा. डब्यात गाडी तळाशी ज्या स्क्रूंनी बांधलेली असते ते स्क्रू सोबत येणार का, हेही विचारून घ्यावे, कारण ते नसतील तर कुरिअरमध्ये गाडी डब्यातच आपटते.